काई दुरुस्ती असन तं सांगा

आमच्या विमा कचेरीत ‘गोपनीय’ असा एक लाल शिक्का होता. तो माझ्या टेबलाच्या खणात असे आणि मी तो मोठ्या भक्तिभावाने मारत असे. नोकरी नवी होती आणि अधिकार म्हणावा असा तेवढाच एक हाती होता. पण हा शिक्का मारलेला कागद एका माणसाच्या हाती पडला, की पाच मिनिटांत बाहेर कडुनिंबाखाली चहा विकणाऱ्यालाही तो तोंडपाठ झालेला असे. कारण त्या माणसाला मनात वाचता येत नव्हतं.

चेष्टा नाही, खरोखरच येत नव्हतं. ते आमच्या चंद्रपूर शाखेचे एजंट. पन्नाशी उलटलेली, उंच, जरा वाकलेले, खांद्याला शबनम पिशवी. वाचायची वेळ आली की ते पिशवीतून तीन सेलची बॅटरी काढत, भर दुपारी कागदावर तिचा उजेड पाडत, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत खणखणीत वाचत. एसटीत बसले की ‘धूम्रपान करू नये’पासून खिडकीवरच्या आमदारांच्या राखीव जागेपर्यंत सगळी बस वाचून काढत. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचत, काड्यापेटी वाचत, आणि शेजारी कुणी पत्र उघडून बसलं असेल तर त्याचं पत्रही वाचत.

मी एकदा म्हटलं, “भाऊ, मनातल्या मनात वाचत जा ना.”

“मनात वाचलेलं मले समजतच नाई बाई,” ते म्हणाले. “कानातून गेल्याबिगर अक्षर आत शिरत नाई. काय करू?”

या दुखण्याचं मूळ झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या भाताच्या मुलखात होतं. आमच्याकडे भातकापणी उरकत आली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. अशा एका नाटक मंडळीत ते वीस वर्षं प्रॉम्टर होते. पडद्याआड उभं राहायचं, एका हातात वही, दुसऱ्यात बॅटरी, आणि पात्र अडलं की पुढचा शब्द पुरवायचा. लायसनवर त्यांचं रीतसर नाव होतं, पण ते लायसनवरच राहिलं. आमच्या शाखेच्या दोन्ही जिल्ह्यांत त्यांना प्रॉम्टरभाऊ म्हणत.

त्यांना आवाज दोनच होते. हळू आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जाई आणि मोठा आवाज नदीपलीकडे. मधला काही नव्हता.

विम्याच्या धंद्यात ते कसे आले, ते ऐकण्यासारखं आहे. एका गावचा प्रयोग आटोपल्यावर सकाळी मंडळीच्या मॅनेजरने ट्रकमध्ये पात्रं मोजून घेतली. राजा आला, राणी आली, खलनायक आला, पेटीवाला आला. हिशेब जुळला, ट्रक निघाला. प्रॉम्टर नदीवर तोंड धुवायला गेले होते. परत येतात तो मैदानात बांबू पुरल्याचे खड्डे तेवढे शिल्लक.

“राग नाही आला?” मी विचारलं.

“राग काऊन यीन? प्रॉम्टर मोजत नसतात बाई. जो मोजला गेला, तो लोकाईले दिसला. अन् जो दिसला, तो प्रॉम्टर कायचा?”

मग ते एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले. तिथे विमा कचेरीचे एक अधिकारी आपली माहितीपत्रकं घेऊन ताटकळत होते. एक पत्रक यांच्या हाती आलं. यांनी बॅटरी काढली आणि वाचलं. बस यायच्या आत थांब्यावरची माणसं, शेजारच्या न्हाव्याची गिऱ्हाइकं आणि अर्धी दाढी झालेला एक पोलीस पाटील भोवती गोळा झाले. अधिकाऱ्यांनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. अशा रीतीने मंडळीने विसरलेला माणूस आमच्याकडे आला.

सवय मात्र नाटकातलीच राहिली. समोरचा माणूस बोलता बोलता अडला की यांच्या तोंडून पुढचा शब्द गेलाच. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी गिऱ्हाइकाला विचारावं, “रात्री झोप कशी लागते?” आणि माणूस जरा थांबला की मागून हळू आवाजात, म्हणजे तिसऱ्या रांगेला ऐकू जाईल असं, “चांगली लागते.” डॉक्टरांनी त्यांना दाराबाहेर बसवलं, तर दाराबाहेरून. लग्नात भटजी मंगलाष्टकात अडले, यांनी ओळ पुरवली. आमच्या घरी जेवायला आले तेव्हा आई सांगत होती, “माही पोरगी आमच्या घरातली पहिली...” आणि तिला हुंदका आला. “नोकरीवाली,” भाऊंनी पुरवलं. आई रडता रडता हसायला लागली. वडील खाणीत, आणि मी कचेरीत खुर्चीवर. आईने ही बातमी विहारातल्या प्रत्येक बाईला निदान दोनदा सांगितली होती.

पण एक शब्द त्यांना महाग पडला. आमचे शाखाधिकारी साहेब पुण्याकडून बदलून आले होते. अतिशय नेटके, टेबलावरची पेन्सिलसुद्धा काटकोनात ठेवणारे. शाखेच्या वार्षिक कार्यक्रमात नागपूरचे वरिष्ठ समोर बसलेले असताना साहेब भाषणात म्हणाले, “विमा म्हणजे केवळ व्यवसाय नव्हे, तर विमा म्हणजे एक... एक...” आणि गाडी तिथेच रुतली. पाचव्या रांगेतून मदत आली, “व्रत आहे!” सभागृह इतकं हसलं की उरलेलं भाषण कुणी ऐकलंच नाही. साहेबांनी ते मनात ठेवलं. मनात ठेवणं त्यांना छान जमत असे.

आता त्या गोपनीय अहवालाचं सांगते. विम्याच्या अर्जाबरोबर एजंटला एक अहवाल भरून द्यावा लागे. अर्जदाराला किती वर्षं ओळखता, वय किती दिसतं, तब्येत कशी, व्यसन काय, माणूस विश्वासाचा आहे का. हा कागद अर्जदाराने बघायचा नसतो. बाकीचे एजंट काय करत? सगळीकडे ‘उत्तम’ लिहीत. आमच्या कपाटातल्या अहवालांवर विश्वास ठेवला असता, तर दोन्ही जिल्ह्यांत एकही माणूस बिडी ओढत नव्हता.

प्रॉम्टरभाऊंचा अहवाल असा नसे. त्यांना लिहितानाही बोलावंच लागे. गावातल्या पारावर बसून ते लिहू लागले की लहानमोठे जमत. मी एकदा कचेरीच्या कामासाठी त्यांच्याबरोबर एटापल्लीकडच्या एका गावी गेले होते, तेव्हा हा सोहळा डोळ्यांनी पाहिला. अर्जदार ग्रामपंचायतीचा शिपाई, मधोमध अवघडून बसलेला. भाऊंनी बॅटरी पेटवली.

“वय, अठ्ठावीस.”

“अठ्ठावीस?” एक म्हातारी उसळली. “माह्या मोठ्या पोराच्या आंदी झाला हा. माहा पोरगा पस्तीसचा हाय!”

“छत्तीस,” भाऊंनी खोडून लिहिलं. “व्यसन, नाई.”

सगळे हसले. कुणी तरी गोंडीत काहीतरी म्हणालं आणि आणखीच हसले.

“काय म्हन्ला थो?” भाऊंनी विचारलं.

“बिडीवाले याच्याच घरी आंदी जाते म्हन्ते.”

“बिडी, दिवसाले आठ,” शिपायाने खालमानेने कबूल केलं. भाऊंनी लिहिलं आणि वर पाहिलं. शिपायाची बायको दारात उभी होती.

“बारा,” ती म्हणाली.

‘बिडी आठ. (बायको म्हणते बारा.)’ हा कंस मी पुढे कचेरीत माझ्या डोळ्यांनी फाइलला लावला. शेवटी भाऊ सगळा अहवाल पहिल्यापासून वाचून दाखवत आणि बॅटरीचा झोत जमलेल्यांवरून एकदा फिरवत. “काई दुरुस्ती असन तं सांगा. मंग माही सही हून जाईन.” दुरुस्ती संपली की सही.

मी परतताना एसटीत म्हटलं, “भाऊ, हा गोपनीय कागद आहे. त्याला कळता कामा नये.”

“ज्याच्याबद्दल लिवलं त्यालेच ठाऊक नाई, असा कागद खरा कसा राहीन?” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “वहीत चुकीचं असलं, तं पात्र चुकीचंच बोलते ना बाई.”

यावर वाद घालावासा मला पुढे कधी वाटला नाही. कारण कपाट माझ्या ताब्यात होतं. एखादा विमेदार वारला की वरून चौकशी येई, वय खरं का, आजार लपवला होता का. ‘उत्तम’वाल्या फाइली महिनोन्‌महिने नागपूरला फेऱ्या मारत. प्रॉम्टरभाऊंच्या माणसाची फाइल गेली की अडत नसे. तिच्यात सगळं आधीच लिहिलेलं असे, बायकोच्या कंसासकट. त्या शिपायाच्याच मोठ्या भावाच्या विधवेचा दावा मी स्वतः पाठवला होता आणि तो पहिल्याच पत्रात मंजूर होऊन आला होता. त्यांच्या अहवालाइतका खरा कागद आमच्या कचेरीत दुसरा नव्हता. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून पुढचं सांगायला अजून लाज वाटते.

चामोर्शीच्या बाजूला एक राइस मिल होती. मिलवाल्यांनी विम्याचा अर्ज भरला आणि भाऊ नेमके बाजाराच्या दिवशी मिलला लागून असलेल्या घराच्या ओसरीवर अहवाल लिहायला बसले. समोर धानाची पोती घेऊन आलेली माणसं. भाऊंनी वाचलं, “खोकला, दमा, काई नाई.”

“नाई कसा?” एक हमाल प्रामाणिकपणे म्हणाला. “मिल सुरू व्हाच्या आंदी शेठचा खोकला सुरू होते. आमी त्याच्यावर तं उठतो!”

“तीन वर्षापासून हाय,” दुसऱ्याने भर घातली. भाऊंनी लिहिलं आणि मग संपूर्ण अहवाल मोठ्या आवाजात वाचला. मोठा म्हणजे नदीपलीकडचा. आत माजघरात मिलवाल्यांच्या मुलीला बघायला आलेली सिंदेवाहीची मंडळी पोहे खात होती. त्यांनी हातातल्या बशा खाली ठेवल्या, “कळवतो” म्हणाले आणि गेले. त्यांनी कधीच काही कळवलं नाही.

मिलवाल्यांनी तक्रार केली आणि ती अगदी रास्त होती. साहेबांनी ती दोन्ही हातांनी झेलली. महिनाभरात भाऊंच्या नावे आरोपपत्र निघालं. टाइप मीच केलं. आरोप दोन. एक, गोपनीयतेचा भंग. दोन, अहवाल स्वतःच्या माहितीवर न लिहिता गावगप्पांवर लिहिणे, त्यामुळे ते अहवाल अविश्वसनीय ठरणे. पहिला तक्रारीतला होता. दुसरा साहेबांनी पदरचा घातला होता. नुसत्या पहिल्यावर ताकीद मिळून सुटका झाली असती. दुसरा सिद्ध झाला तर लायसन जाणार होतं. आणि लायसन गेलं तर या माणसाला जायला जागा नव्हती, कारण नाटक मंडळीने तोवर दुसरा प्रॉम्टर ठेवला होता.

साहेबांनी मला आत बोलावलं. “एजंटांचे कागद तुमच्याकडे असतात. त्यांच्या कामाबद्दल तुमचं एक गोपनीय टिपण लागेल,” ते पेन्सिल सरळ करत म्हणाले. “तुमचा उमेदवारीचा काळ संपत आलाय ना? तुमच्याबद्दलही मला एक अहवाल लिहायचा आहे.”

एवढंच म्हणाले. मला आईचा चेहरा दिसला आणि विहारातल्या सगळ्या बाया दिसल्या. मी टेबलाशी येऊन चार ओळी लिहिल्या. सदर एजंट कचेरीत मोठ्याने बोलतात. शिस्त पाळत नाहीत. गोपनीयतेचे गांभीर्य त्यांना नाही. आणि चौथी ओळ, ‘त्यांच्या अहवालांवर विश्वास ठेवता येत नाही.’ मग खणातून लाल शिक्का काढला आणि मारला. तो कागद भाऊ कधी बघणार नाहीत, एवढं एकच समाधान होतं.

चौकशी मे महिन्यात झाली. चंद्रपूरचा मे, साहेबांच्या खोलीत कूलर घरघरत होता. चौकशी अधिकारी नागपूरहून आले होते. जाडजूड, घामाघूम, दर पाच मिनिटांनी पाणी मागणारे. त्यांच्या शेजारी साहेब, समोर मिलवाले, आणि कोपऱ्यात जबाब लिहून घ्यायला मी. भाऊ आले ते इस्त्रीचा सदरा घालून. मला बघून म्हणाले, “बाई, तुमी आहात काय? मंग चिंता नाई.” मी वहीत मान घातली.

“चौकशी गोपनीय आहे,” अधिकारी म्हणाले. “दरवाजा लावून घ्या.” दरवाजा लावला. मग त्यांनी फाइल पुढे सरकवली. “नियमाप्रमाणे तुमच्याविरुद्धचे सगळे कागद तुम्हाला बघायचा हक्क आहे. वाचून घ्या.”

मला हा नियम माहीत नव्हता. हातातलं पेन थांबलं.

भाऊंनी पिशवीतून बॅटरी काढली.

“हे काय?” अधिकारी म्हणाले.

“उजेड,” भाऊ म्हणाले आणि त्यांनी सुरुवात केली. “प्रति, श्री अमुक अमुक, एजंट, यांस! विषय, आपल्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई!”

“अरे भाऊ, मनात वाचा ना! क्या कर रहे हो!”

“येत नाई साहेब.”

अधिकाऱ्यांनी आमच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कधी नव्हे ते खरं उत्तर दिलं, “खरंच येत नाही त्यांना.”

बाहेर टाइपरायटर थांबले. कडुनिंबाखाली बसलेले एजंट उठून खिडकीशी आल्याचं चपलांवरून कळलं. भाऊ आरोपपत्र वाचत गेले, पल्लेदार, जिथे आरोप तिखट तिथे आवाज तिखट. एके ठिकाणी तर स्वतःवरचाच आरोप त्यांनी इतका रंगवला की खिडकीबाहेर कुणीतरी “वा!” म्हणालं.

पहिला आरोप संपला. भाऊंनी बॅटरीचा झोत मिलवाल्यांकडे वळवला आणि लगेच खाली घेतला. “हे खरं हाय,” ते म्हणाले. “माह्या तोंडानं तुमच्या पोरीचं नुकसान झालं. तिचा यात काई संबंध नोता. मी आत पाव्हने हायत का, हे पाह्याले पायजे होतं. लिवा बाई, कबूल म्हनून.”

मिलवाले भांडायच्या तयारीने आले होते. समोर भांडणच उरलं नाही म्हणून त्यांची पंचाईत झाली. “पोरीचं जमलं म्हना,” ते म्हणाले. “मूल गावचं स्थळ आलं, पैल्यापेक्षा चांगलं. पन माहा खोकला साऱ्या जिल्ह्याले माहीत झाला ना! आता एसटीत चढलो की लोक सरकून जागा देऊन राह्यले मले!” चौकशी अधिकाऱ्यांनी ग्लास तोंडाला लावला, पण हसू ग्लासात मावलं नाही.

दुसरा आरोप वाचून झाला. त्याखाली साहेबांनी नंतर हाताने एक ओळ जोडली होती. “याच्या पुष्ट्यर्थ,” भाऊ वाचत होते, “शाखेतील लिपिक यांचे गोपनीय टिपण सोबत जोडले आहे.” त्यांनी कागद उलटला. माझा लाल शिक्का मला लांबूनही दिसला.

पहिली ओळ त्यांनी वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचली. आवाज तसाच, ना कमी ना जास्त. “त्यांच्या अहवालांवर विश्वास ठेवता येत नाही.” आणि मग माझी सही वाचली, माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आडनाव. सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं.

मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी फक्त सवयीने बॅटरीचा झोत खोलीवरून फिरवला. साहेब, अधिकारी, मिलवाले आणि शेवटी मी.

“काई दुरुस्ती असन तं सांगा,” ते म्हणाले.

त्या सुरात कुठे टोमणा असता, तर मी बसून राहिले असते. पण एटापल्लीच्या पारावर ज्या सुरात शिपायाच्या बायकोला विचारलं होतं, तोच सूर होता. तिने दारात उभं राहून नवऱ्यासमोर, गावासमोर ‘बारा’ म्हटलं होतं. मी उठून उभी राहिले.

“साहेब,” मी म्हटलं, “त्यातली चौथी ओळ...”

आणि मी अडले. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांनी पेन्सिल उचलली होती. मला पुढचा शब्द माहीत होता, तोंडातून निघत नव्हता. मी भाऊंकडे पाहिलं. आयुष्यभर ज्यांनी अडलेल्याला शब्द पुरवला, भटजींना पुरवला, साहेबांना पुरवला, माझ्या आईला पुरवला, त्यांनी बॅटरी विझवली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. किती जड गेलं असेल त्यांना, ते त्यांच्या गळ्याच्या हाडावरून दिसत होतं. तेवढं वरखाली होत होतं.

“खोटी आहे,” मी म्हटलं. “चौथी ओळ खोटी आहे. मी भीतीने लिहिली. यांच्या अहवालांइतके खरे अहवाल या कचेरीत नाहीत. कपाट माझ्याकडे आहे, हवं तर आत्ता काढून दाखवते.”

“दाखवा,” अधिकारी म्हणाले.

मी फाइलींचा गठ्ठा आणला. अधिकाऱ्यांनी वरची एक उघडली, मनात वाचायला लागले, आणि थोड्या वेळाने न कळत मोठ्याने म्हणाले, “बायको म्हणते बारा.” मग त्यांना हसू आवरेना. दुपारी चारपर्यंत ते फाइली वाचत बसले. मधूनमधून नुसताच आवाज येई, “बैल साऱ्यांना घाबरतो पण याला घाबरत नाही... हे काय आहे यार!” साहेबांनी कूलर बंद केला आणि पुन्हा चालू केला. त्यांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. दुसरा आरोप सिद्ध होत नाही. पहिल्याबद्दल सक्त ताकीद. लायसन कायम. मात्र यापुढे सदर एजंटने गोपनीय अहवाल गावात न लिहिता शाखा कार्यालयात बसूनच लिहावा. साहेबांनी त्यांना मागची रेकॉर्डची खोली दिली, जाड दाराची. दर मंगळवारी भाऊ तिथे बसत, दार लावून घेत, आणि आम्ही सगळे आपापल्या टेबलावर गप्प राहून ऐकत असू. मंगळवारी चहावाल्याचा धंदा दुप्पट होई.

गावात मात्र ते बदलले. आता दुरुस्त्या घरोघर जाऊन, एकेकाच्या कानाशी विचारत. अर्थात त्यांच्या हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या दोन घरांना कळेच. पण आत पाहुणे आहेत का, ते आधी डोकावून बघत.

मी त्यांची माफी मागितली नाही. दोन-तीनदा तोंड उघडलं, तर म्हणत, “दुरुस्ती झाली ना? मंग? खोडलेलं पुन्हा वाचाचं नसते.” कायम व्हायला मला सहा महिने जास्त लागले. आईने विहारात सांगितलं की साहेब नवीन आहे, त्याला कामाचं काही समजत नाही. साहेबांनी माझ्याबद्दल काय लिहिलं होतं, मला कधीच कळलं नाही. ते मनात लिहिणारे होते.

कायम झाल्यावर मी स्वतःचा विमा काढला, अर्थात भाऊंकडून. तो मंगळवार होता. अर्जदाराने आत असायचं नसतं, म्हणून मी दाराबाहेर उभी राहिले. म्हणजे आतच असल्यासारखी.

“वय, पंचवीस! खरं हाय, दाखला पाह्यला! तब्येत, चांगली! उन्हाळ्यात डोकं दुखते, पन सांगत नाई! व्यसन, चहा!” मग जरा वेळ नुसता पेनाचा आवाज आला. पुढचा प्रश्न कोणता ते मला पाठ होतं. अर्जदार विश्वासाचा आहे काय.

“एक वेळ खोटं लिवलं,” भाऊंचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द कागदावर ठेवत. “मंग कोनी सांगतल्याबिगर, तीन लोकाईसमोर उभं राहून, सोताच दुरुस्त केलं. या बाईवर विश्वास ठेवाले हरकत नाई.”

माझे डोळे भरून आले. भर कचेरीत, दाराला टेकून मी रडत होते आणि कुणीही माझ्याकडे बघत नसल्याचं सोंग सगळ्यांनी फार छान वठवलं.

“काई दुरुस्ती असन तं सांगा,” आतून आलं.

“आहे,” मी दाराला तोंड लावून म्हटलं. “तीन नाई भाऊ, चार. साहेब, नागपूरचे साहेब, मिलवाले, अन् तुमी.”

आत पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

“प्रॉम्टर मोजत नसतात बाई.”

“मी मोजला,” मी म्हटलं. “चार लिवा.”

बॅटरीचं बटण वाजलं. मग कागदावर काहीतरी खोडल्याचा आवाज आला.

“चार,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका हळू होता की तो फक्त मला ऐकू आला.